सात आसनी मिनीव्हॅन : काही वर्षे वापरल्यानंतर काय आवडते आणि काय छळते?

अबोली :
आमच्याकडे गेली चार वर्षे सात आसनी मिनीव्हॅन आहे. दोन मुले, आम्ही दोघे आणि सासूबाई असे पाच जण नेहमीचे, आणि पाहुणे आले की सातही जागा भरतात. गाडी बदलायची वेळ जवळ आली आहे. घरात दोन मते आहेत : पुन्हा मिनीव्हॅनच घ्यावी किंवा तीन रांगांची एसयूव्ही घ्यावी. जाहिरातीतली माहिती आम्ही भरपूर वाचली आहे. त्यामुळे ज्यांनी गाडी तीन-चार वर्षे रोज वापरली आहे, त्यांना आता काय आवडते आणि कशाचा वैताग येतो, ते मला ऐकायचे आहे.

सुरुवात मीच करते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या दाराकडे पाठ करून आधी सीटवर टेकतात, मग एकेक पाय उचलून आत घेतात आणि वरची मूठ धरून सरळ बसतात. गाडीची जमीन खाली आणि दार रुंद असल्यामुळे हे सगळे कोणाच्याही मदतीशिवाय होते. एवढ्या एका गोष्टीसाठी मला ही गाडी प्रिय आहे. वैताग आहे तो डाव्या सरकत्या दाराचा. बटण दाबले की दार निम्म्यापर्यंत येते, तीनदा आवाज करते आणि परत मागे जाते. पावसात मुलांना आत बसवून दारापाशी उभे राहावे लागते, तेव्हा अगदी जीव मेटाकुटीला येतो.

किल्ली :
सरकते दार नसते तर शेजारच्या गाड्यांच्या किती दारांना आमच्या मुलाने पोचे पाडले असते, याचा हिशेब नाही. अरुंद पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये हातभर जागा असली तरी मुले उतरतात आणि झोपलेल्या बाळाला कार सीटमधून उचलून घेता येते. माझे मत मिनीव्हॅनलाच.

स्पॅनर :
अबोलीताई, दाराबद्दल आधी एक सोपी चाचणी करा. आपोआप उघडझाप करणारी यंत्रणा डॅशबोर्डवरच्या बटणाने बंद करा आणि दार हाताने सावकाश ओढून पाहा. हाताने ओढतानाही ते जड लागत असेल किंवा एका ठरावीक जागी अडखळत असेल, तर दोष दार ज्यात सरकते त्या खाचेत किंवा खाचेतून फिरणाऱ्या चाकात, म्हणजे रोलरमध्ये आहे. हाताने लोण्यासारखे सरकत असेल आणि बटणाने मात्र परतत असेल, तर मोटर, तार किंवा दाराच्या कडेच्या रबरातला अडथळा ओळखणारा सेन्सर तपासावा लागतो. दार परत जाते, याचा अर्थ यंत्रणेला वाटेत कोणाचा तरी हात आहे असे वाटते. दाराला लागणारा जोर नेहमीपेक्षा वाढला की तिचा तसा समज होतो. म्हणजे ती तिचे काम चोखच करत असते.

बहुतेक वेळा दोषी असते ती खालची खाच. पायरीच्या कडेला असल्यामुळे चपलांची माती, खडे आणि खाण्याचे कण तिच्यात पडतात, आणि त्यावर कोणी घट्ट ग्रीस लावले असेल तर त्या सगळ्याचा लगदा होतो. कोरड्या ब्रशने खाच घासा, व्हॅक्यूमने ओढून घ्या, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि मग सिलिकॉनचा हलका फवारा मारा. घट्ट ग्रीस खाचेत लावू नका. मधली खाच गाडीच्या बाहेरच्या अंगाला, मागच्या खिडकीखाली असते, ती लोक विसरतात. तिथेही ब्रश फिरवा.

घाटवळण :
मी दोन्ही प्रकारच्या गाड्या वापरल्या आहेत आणि माझे मत इथे बहुधा अल्पमतात जाईल. मिनीव्हॅनची जमीन खाली असते याचे सगळे कौतुक करतात, पण त्याची किंमत पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाला मोजावी लागते. उंच गतिरोधक, तळघरातल्या पार्किंगचा उतार आणि कच्चा रस्ता या तिन्ही ठिकाणी आमची व्हॅन घासते, आणि तो आवाज ऐकला की पोटात गोळा येतो. शिवाय गाडीची कूस उंच आणि सपाट असल्याने उघड्या रस्त्यावर आडवा वारा लागला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे लागते.

दाराचेही सगळे गुलाबी नाही. गाडीचे नाक चढाकडे असेल तर उघडलेले दार चढावर ओढून बंद करावे लागते आणि माझ्या आईला ते झेपत नाही. नाक उताराकडे असेल तर उघडे दार फक्त एका खुंटीच्या आधाराने थांबते. ती खुंटी झिजली की दार आपोआप पुढे येते. आमच्याकडे ते एकदा आले तेव्हा मुलीची बोटे चौकटीवर होती. सुदैवाने तिने हात ओढून घेतला. तेव्हापासून उतारावर मी स्वतः दार धरून उभा राहतो.

निवांत :
घाटवळण, उताराचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो गाडी विकणारा कधीच सांगत नाही. पण धाग्याचा खरा प्रश्न मला तिसऱ्या रांगेचा वाटतो.

बहुतेक मिनीव्हॅनमध्ये तिसऱ्या रांगेच्या मागे जमिनीत एक खोल खड्डा असतो. सीट उभी असली की खड्ड्यात सामान राहते, सीट नको असली की तीच त्या खड्ड्यात उलटी होऊन बसते आणि वर सपाट जमीन मिळते. होंडाने 1994 मध्ये आलेल्या पहिल्या ओडिसीत तिसरी रांग अशी जमिनीत घेतली होती. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नसतो, म्हणून जमीन खाली घेणे आणि हा खड्डा करणे सोपे जाते. एसयूव्हीत बहुधा तिसरी रांग जमिनीच्या वरच दुमडते. परिणाम असा की सातही जण बसले की एसयूव्हीच्या डिकीत दोन-तीन पिशव्यांपुरती जागा उरते, आणि व्हॅनमध्ये मात्र मोठ्या बॅगा उभ्या राहतात. सात माणसे आणि सात माणसांचे सामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला पहिल्या लांबच्या प्रवासात कळले.

खड्ड्याची एक अडचण आहे. जिथे स्टेपनी असायची ती जागा खड्ड्याने खाल्लेली असते. म्हणून काही गाड्यांत स्टेपनी मधल्या भागात पोटाखाली जाते, काहींत आतल्या बाजूच्या कप्प्यात आणि काहींत मुळी नसतेच, फक्त हवा भरायचा पंप आणि पंक्चर बुजवणारे द्रव्य मिळते. टायरची कूस फाटली तर त्या द्रव्याचा उपयोग होत नाही. गाडी घेण्यापूर्वी स्टेपनी कुठे आहे आणि ती बाहेर काढायला काय काय करावे लागते, हे स्वतः करून पाहा.

सांजवेळ :
मधल्या रांगेबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. मधल्या रांगेतल्या दोन सुट्या सीट काढता येतात हे आम्हाला घेताना फार मोठे सुख वाटले होते. प्रत्यक्षात एक सीट 25 किलोंहून जड आहे, धरायला नीट जागा नाही, आणि काढल्यावर ती ठेवायची कुठे हा प्रश्न उरतोच. आमची एक सीट महिनाभर झोपायच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती.

त्याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. सीट परत बसवली, पुढचे दोन आकडे अडकल्याचा आवाज आला आणि आम्ही निघालो. पहिल्या जोरकस ब्रेकला मागून मुलाने ओरडून सांगितले की सीट हलते आहे. गाडी बाजूला घेऊन पाहिले तर मागच्या रुळात पेन्सिलीचा इंचभर तुकडा पडला होता आणि त्यामुळे मागचा आकडा बसलाच नव्हता. तेव्हापासून सीट बसवली की मी रुळात टॉर्च मारते, पाठ धरून सीट पुढे-मागे आणि वर जोराने हलवते, आणि मगच मुलाला बसवते. रूळ साफ ठेवणे हे मिनीव्हॅनवाल्यांचे कायमचे काम आहे.

ज्यांना सीट उचलायच्या नाहीत त्यांच्यासाठी क्रायस्लरने 2005 च्या मॉडेलपासून मधली रांगही जमिनीत दुमडायची सोय आणली. उचलाउचल संपते, पण जमिनीत मावण्यासाठी सीटची गादी पातळ ठेवावी लागते. दोन तासांनंतर ज्येष्ठ माणसांना तो फरक जाणवतो. उलट, 2021 च्या टोयोटा सिएनात मधल्या सीट काढायच्याच नाहीत, कारण त्यांच्यात एअरबॅग आहेत. म्हणजे तीन कंपन्यांच्या तीन तऱ्हा. आपल्याला माणसे जास्त न्यायची आहेत की सामान, हे आधी ठरवावे.

अबोली :
स्पॅनर, मनापासून आभार. आत्ताच खाली जाऊन दार हाताने ओढून पाहिले. ठरावीक जागी अडखळते, म्हणजे तुम्ही म्हणता तशी खाचच असावी. रविवारी साफ करून कळवते. सांजवेळ, तुमचा पेन्सिलीचा प्रसंग वाचून मी आमच्याही रुळांत टॉर्च मारली. दोन नाणी, एक केसांचा चाप आणि खेळण्यातल्या गाडीचे चाक निघाले.

आणखी एक शंका. पेट्रोल भरताना आमचे डावे दार थोडेसे उघडून थांबते. हाही त्याच दोषाचा भाग असेल का?

स्पॅनर :
नाही, तो दोष नाही. तुमच्या गाडीत पेट्रोलचे झाकण डाव्या बाजूला असणार. झाकण उघडे असताना दार पूर्ण मागे गेले तर ते नळीवर आणि झाकणावर आदळेल, म्हणून अनेक व्हॅनमध्ये झाकण उघडले की दाराला आडकाठी येते. झाकण लावल्यावर दार पूर्ण उघडते ना, एवढे पाहा. झाकण बंद असतानाही दार तिथेच थांबत असेल तर ती आडकाठी अडकली आहे असे समजा.

धुरा :
वजनाबद्दल लिहितो, कारण सात जागा दिसल्या की आपण सात माणसे बसवतो आणि वर कॅरिअरही लादतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते. माणसे आणि सामान मिळून किती किलो चालतील, हे आमच्या पट्टीवर लिहिले आहे : 560 किलो. सरासरी 70 किलोंची सात मोठी माणसे धरली तर 490 किलो झाले. उरले 70. प्रत्येकाची 12 किलोंची एक बॅग धरली तर 84 किलो, म्हणजे टपावर काहीही न ठेवता आम्ही 14 किलोंनी मर्यादेबाहेर गेलो. टपाची मर्यादा वेगळी असते आणि टपावरचे वजनही याच 560 मध्ये मोजायचे असते.

याचा पहिला परिणाम टायरवर दिसतो. मोठ्या मिनीव्हॅनचे स्वतःचेच वजन 2000 किलोंच्या आसपास असते, इंजिन पुढे, ओढही पुढच्या चाकांची आणि ब्रेकचा भारही बराचसा पुढेच. त्यामुळे पुढचे टायर भराभर झिजतात. दर 8000 ते 10000 किलोमीटरला टायर पुढचे मागे करावेत, पूर्ण भार न्यायचा असेल तर पट्टीवर त्यासाठी दिलेली हवा गाडी थंड असताना भरावी, आणि नवे टायर घेताना फक्त माप न पाहता भार पेलण्याचा अंकही मूळ टायरइतका किंवा अधिक आहे ना, हे पाहावे. मी पहिल्या वेळी फक्त माप पाहिले होते आणि दुकानदाराने कमी भाराचे टायर बसवले. वळणावर गाडी डुलायची आणि मला कारण कळत नव्हते.

किल्ली :
धुरा, आकडे पटले, पण सातही जागांवर मोठी माणसे वर्षातून किती वेळा बसतात? आमच्याकडे चार मोठे आणि तीन मुले असतात. मुलांचे वजन धरले तर हिशेब सहज बसतो. एरवी लोकांना उगाच धास्ती वाटेल.

धुरा :
किल्ली, धास्ती घालण्याचा हेतू नाही. वर्षातून तीनदाच का होईना, पण तो प्रवास लांबचा, भरधाव रस्त्यावरचा आणि घरातल्या सगळ्या माणसांना घेऊन केलेला असतो. म्हणून त्या तीन वेळांसाठी तरी बेरीज करावी.

मधली_सीट :
इथे सगळे चालवणारे बोलत आहेत. मी घरातली धाकटी, त्यामुळे दहा वर्षे तिसऱ्या रांगेत बसून प्रवास केला आहे. तिकडची बाजूही ऐका.

मागे मागच्या चाकांचा घुमणारा आवाज येतो. पुढे काय बोलणे चालले आहे ते अर्धे ऐकू येते, आणि आपण काही विचारले तर पुढे पोहोचत नाही. सगळे हसले की आपण उगाच हसायचे. वळणांच्या रस्त्यावर मळमळते, कारण समोर सीटची पाठ असते आणि रस्ता दिसत नाही. आमच्या वडिलांनी दोन गोष्टी केल्या आणि त्याने फार फरक पडला. मधल्या रांगेत सलग बाक होता, त्याऐवजी दोन सुट्या सीट असलेली व्हॅन घेतली, म्हणजे मधल्या वाटेतून मला समोरची काच दिसू लागली आणि उतरायला कोणाला उठवावे लागेना. दुसरे म्हणजे दर दोन तासांनी जागा बदलायचा नियम केला. काही नव्या गाड्यांत चालकाचा आवाज माइकने मागच्या स्पीकरवर नेतात, ती सोय ज्यांना क्षुल्लक वाटते ते कधी मागे बसलेले नसावेत.

गाडी पाहायला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला तिसऱ्या रांगेत पंधरा मिनिटे बसवा. गुडघे छातीशी येत असतील तर ती जागा माणसासाठी नाही.

स्पॅनर :
मधली_सीट यांनी फार नेमके लिहिले आहे. मागच्या लोकांची आणखी एक तक्रार असते ती गारव्याची, म्हणून तेही सांगून टाकतो. मोठ्या व्हॅनमध्ये मागच्या भागासाठी एसीचा वेगळा ब्लोअर आणि वेगळी कॉइल असते, आणि तिथवर वायू नेणाऱ्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. चिखल, खारी हवा किंवा रस्त्यावरचे मीठ यांनी त्या गंजतात आणि बारीक छिद्रातून वायू निघून जातो. मेकॅनिक पुढचे सगळे तपासतो, वायू पुन्हा भरतो आणि दोन महिन्यांत एसी परत कोमट होतो. असे दोनदा झाले तर गाडी लिफ्टवर घ्यायला लावून मागच्या नळ्यांवर तेलकट ओल आहे का ते बघायला सांगा. वापरलेली व्हॅन घेणाऱ्यांनी तर हे आधीच पाहावे.

बॅटरीचेही तसेच. सहलीला गेल्यावर दोन्ही दारे आणि डिकी उघडी टाकून, आतले दिवे आणि गाणी चालू ठेवून लोक तासन्‌तास बसतात. त्यात दारांच्या मोटरी दहा वेळा चालतात. निघताना गाडी सुरू होत नाही. दारे उघडी असली तरी आतले दिवे बंद ठेवण्याचे बटण असते, ते वापरा.

घाटवळण :
सुरक्षिततेचा विषय राहू नये. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने 2023 मध्ये चार मिनीव्हॅनची समोरून होणाऱ्या धडकेची सुधारित चाचणी घेतली, ज्यात चालकाच्या मागच्या सीटवरही पुतळा बसवला होता. चारांपैकी एकीलाही वरच्या दोन श्रेणींतली श्रेणी मिळाली नाही. पुढच्या माणसांसाठी पट्टे आणि एअरबॅग जितके सुधारले तितके मागच्यांसाठी सुधारले नव्हते. ज्या गाडीत मागे बसवण्यासाठीच आपण पैसे मोजतो, तिच्याबद्दल हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. नवी गाडी घेताना मागच्या पट्ट्यांना धडकेत आपोआप आवळणारी आणि छातीवरचा ताण मर्यादित ठेवणारी यंत्रणा आहे का, हा प्रश्न लेखी विचारा.

मधली_सीट यांचे वाचून मी मुलीशी बोललो. तिनेही मळमळीचेच सांगितले. कालपासून ती मधल्या रांगेत बसते.

निवांत :
थोडे विषयांतर, पण दारावरून सुरू झालेल्या धाग्यात शोभेल. क्रायस्लरच्या मिनीव्हॅनचे उत्पादन 1983 च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडातल्या विंडसर इथे सुरू झाले आणि फ्रान्समध्ये रेनोची एस्पास 1984 मध्ये आली. त्या पहिल्या क्रायस्लर व्हॅनना सरकते दार एकाच बाजूला होते. चालकाच्या बाजूचे दुसरे सरकते दार त्यांच्याकडे 1996 च्या मॉडेलपासून मिळू लागले. म्हणजे बारा वर्षे सगळी मुले एकाच दारातून चढत-उतरत होती, आणि आपण दोन दारांतले एक अडखळले तर हवालदिल होतो.

किल्ली :
निवांत, एक दार बंद पडले की ते दिवस आमच्याकडे परत येतात, आणि दारात कोण आधी यावरून भांडण होते!

सांजवेळ :
एका गोष्टीवर स्पष्ट बोलावेसे वाटते. एसयूव्ही घ्यावी असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना खरे तर मिनीव्हॅन दिसायला साधी वाटते, एवढेच कारण असते. माझ्या भावाने त्यापायी एसयूव्ही घेतली. आता लांब जायचे असले की तो आमची व्हॅन मागून नेतो. उंच चाके आणि कच्चा रस्ता हे खरे कारण असेल, जसे घाटवळण यांचे आहे, तर ते मला पूर्ण मान्य आहे. पण रस्ते चांगले असताना, घरात गुडघे दुखणारी माणसे आणि कार सीटमधली मुले असताना केवळ रुबाबासाठी उंच गाडी घेऊ नये.

अबोली :
रविवारचा वृत्तांत देते. खालच्या खाचेतून मूठभर वाळू, एक बटण आणि काळा लगदा निघाला. कोणीतरी सर्व्हिसिंगच्या वेळी घट्ट ग्रीस लावले असणार. स्पॅनर यांनी सांगितले तसे सगळे केले. मधल्या खाचेतही ब्रश फिरवला. आता दार बटणाने पूर्ण बंद होते. मात्र शेवटच्या वितीत अजून किंचित कुरकुरते.

त्याच दिवशी तीन रांगांची एसयूव्हीही पाहून आलो. सासूबाईंनी नेहमीच्या पद्धतीने पाठ करून टेकायचा प्रयत्न केला, पण सीट कमरेच्या वर येत होती. पायरीवर चढून, मग वळून बसायला त्यांना दोघांचा आधार लागला, आणि उतरताना त्या घाबरल्या. नवऱ्याला मधली_सीट यांच्या सल्ल्याप्रमाणे तिसऱ्या रांगेत बसवले, तो सहाव्या मिनिटाला बाहेर आला. सातही सीट उभ्या करून आमच्या घरातल्या दोन मोठ्या बॅगा ठेवून पाहिल्या, तर मागचे दार लागेना. घरातली दोन मते एका दुपारी एक झाली. पुन्हा मिनीव्हॅनच घेणार, दोन सुट्या सीटची, आणि धुरा यांची बेरीज पट्टी वाचून तिथेच करणार.

कुरकुरीचे काय करावे?

स्पॅनर :
शेवटच्या वितीत खालची खाच आत वळते आणि दाराचा भार त्या वळणावर रोलरवर येतो. दार अर्धवट उघडे ठेवून खालचा रोलर बोटाने फिरवून पाहा. तो खडबडीत फिरत असेल किंवा एका बाजूला सपाट झिजला असेल तर रोलरचा जोड बदलून घ्या, त्यासाठी अख्खी मोटर बदलायला कोणी सांगितले तर मान्य करू नका. आणि बदलण्याआधी उजव्या दाराचा रोलरही पाहा, कारण दोन्ही दारांचे वय सारखेच आहे.